सोनं उकळलेलं पाणी

आमच्या घरात तान्हं पोर आलं तेव्हा ते गुलाबी होतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण नंतर बोरगावातल्या निम्म्या बायका शपथेवर सांगत होत्या की पोर जन्मताच निळं होतं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार!

पोर माझं नव्हे. माझ्या जावेचं, तेजस्वीचं. मी पूर्णिमा, घरातली थोरली सून. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि कूस उजवली नाही. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण गोष्ट सांगायची तर घ्यायलाच हवं: भावकू. त्यांचा धाकटा भाऊ साईराज, आणि तेजस्वी त्याची बायको. आम्हां सगळ्यांच्या वर मालुबाई, आमच्या सासूबाई. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. घरात आत्यांच्या शब्दावाचून चूल पेटत नाही, आणि त्यांच्या शब्दाने पेटलेली चूल दुसऱ्या कुणी विझवायची नाही.

तेजस्वीचं माहेर बेळगावच्या पलीकडं, बेळगुंदीला. बाळंतपण तिथंच झालं. तीन महिने होताच ती आदर्शला घेऊन आली, कारण निपाणीच्या ज्या पतसंस्थेत ती काम करते तिथं रजा संपली होती. सकाळी नऊची बस धरायची ती संध्याकाळी उजेड जाता जाता परत यायची. दिवसभर पोर आत्यांच्या मांडीवर, आणि त्याचं वरचं दूध, म्हणजे पावडरीचं, माझ्या हातचं.

आता त्या दुधासाठीच्या पाण्याचं सांगते.

नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येतं आणि पावसाळ्यात ते चहासारखं दिसतं. म्हणून गेल्या साली आम्ही परड्यात बोअर मारली. जागा बघायला पाणाड्या आणला होता. तळहातावर आडवा नारळ ठेवून तो परडंभर फिरला आणि गोठ्यामागं, उकिरड्याच्या कडेला आला तेव्हा नारळ उभा राहिला. मी डोळ्यांनी बघितलं. साईराज म्हणाला, "आये, हितं उकिरडा, पल्याड संडासाचा खड्डा. वाईच लांब बघूया की." आत्या त्याच्यावर उसळल्या, "नारळ खोटं बोलतोय व्हय रं? तुज्या कालेजात शिकीवलं काय ह्ये?" बोअर तिथंच मारली, आणि पाणी लागलं ते असं की काचेच्या ग्लासात धरलं तर ग्लास रिकामा वाटावा. चवीला गोड. सगळी गल्ली घागरी घेऊन यायला लागली. आत्या कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. पाण्याला नाही म्हणू नये, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात त्यांचा मोठेपणाही होता. साईराजने एकदा फिल्टर घ्यायची गोष्ट काढली तेव्हा त्या म्हणाल्या, "फिल्टरचं पाणी मेल्यालं असतंय. आपलं जित्तं हाय."

तान्ह्या पोराला आमच्याकडं साधं पाणी देत नाहीत, सोन्याचं देतात. तपेलीभर पाण्यात सोनं टाकायचं आणि मंद जाळावर आटवत ठेवायचं. बाकीच्यांकडं निम्मं आटवतात. आत्यांकडं पाव. तपेलीचं फुलपात्रभर उरलं पाहिजे, तर सोन्याचा अर्क उतरतो आणि पोराचं हाड सोन्यासारखं होतं. अंगठी आत्यांची. माझीही एक होती, पण ती चालणार नव्हती, आणि का ते कुणी बोलून दाखवलं नाही. आटवायचं काम तेवढं माझ्याकडं. मी चुलीपुढं बसून राहायचे आणि अंगठी तळाशी नाचायची ती बघायचे. खोटं कशाला सांगू, मला ते काम आवडायचं. पोर माझं नव्हतं, पण त्याच्या पोटात जाणारा थेंब न् थेंब माझ्या हातचा होता.

तेजस्वी कामावर जायला लागून आठवडा झाला असेल. दुपारी मी आदर्शला न्हाऊ घालत होते. पायांवर पालथा घातलेला, मग उताणा केला, तर तो माझ्याकडं बघून हसला. तोंडात दात नाहीत, डोळे बारीक झालेले, चांगलं गालभर हसू. आणि ओठ जांभळे.

मी त्याला पंच्यात गुंडाळून उन्हात नेलं. उन्हात तर जास्तच दिसलं. ओठ, नखं आणि डोळ्यांखालचा भाग निळसर झाला होता. अंगावर राखेचा हात फिरवल्यासारखा रंग. थंडी म्हणावी तर अंग गरम. दुखतंय म्हणावं तर पोर हसतंय. आजारी पोर रडतं, चिडतं, दूध टाकतं. हे निळ्या ओठांनी हसत होतं आणि माझं बोट धरत होतं, आणि मला त्या बोटाची भीती वाटली.

"आत्या, ह्येचं व्हट बघा."

आत्यांनी पदराने ओठ पुसले, जणू काही लागलं असावं. रंग गेला नाही. त्यांनी पुन्हा पुसले. मग त्या मीठ-मोहऱ्या आणायला आत गेल्या.

निपाणीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी छाती तपासली, हृदय तपासलं, फोटो काढला. सगळं ठीक. "घरात कुणी सावळं आहे का?" त्यांनी विचारलं. आमच्या घरात सगळेच सावळे. पण सावळं वेगळं आणि हे वेगळं, हे सांगायला मला शब्द सापडला नाही.

मग एक गोष्ट आत्यांच्या ध्यानात आली, आणि ती ध्यानात आली नसती तर बरं झालं असतं. रविवारी तेजस्वी घरी असायची. दिवसभर पोर अंगावर प्यायचं. रविवारी संध्याकाळी त्याचा रंग निवळायचा. सोमवारी ती बसला गेली की दुपारपर्यंत ओठ पुन्हा जांभळे. मधे यात्रेला म्हणून ती त्याला घेऊन बेळगुंदीला गेली. तिथून फोनवर फोटो पाठवला तर पोर नुसतं गुलाबाचं फूल. परत आलं आणि तिसऱ्या दिवशी राखेचा हात अंगावर आला.

म्हणजे जे काय होतं ते आमच्या घरात होतं. आई गेली की ते बाहेर यायचं आणि आई आली की दबून राहायचं. आत्या हे बोलल्या नाहीत. त्या फक्त मला म्हणाल्या, "तू त्याला न्हाऊ घालू नगंस आता. मी घालतो."

शेजारच्या जयाबाई मात्र बोलल्या. त्यांची लेक मंगल पहिलटकरीण म्हणून त्यांच्याकडं आलेली, दिवस भरत आलेले. घागर भरताना त्या आत्यांना म्हणाल्या, आणि मी गोठ्यात शेण भरत होते हे त्यांना पक्कं माहीत होतं, "मालुआक्का, रागावू नगासा. रिकाम्या वटीची नजर लई वंगाळ. तिला बी कळत न्हाय ती कवा लागतीया."

त्या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. मला कुणी चेटकीण म्हटलं असतं तर मी झिंज्या उपटल्या असत्या. माझी जीभ काही कुणाला ऐकणारी नाही. पण तिलाही कळत नाही, म्हटल्यावर काय बोलायचं? मला खरंच कळत नव्हतं. पोराकडं बघताना माझ्या पोटात तुटायचं की नाही? तुटायचं. हे माझं असतं तर, असं मनात यायचं की नाही? यायचं. मग ते तुटणं डोळ्यांतून बाहेर पडत नसेल कशावरून?

मी माझ्या डोळ्यांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हसायचं तर हसा. परड्यात दोडक्याचा वेल होता. त्यातला एक कोवळा दोडका हेरून मी रोज त्याच्याकडं टक लावून बघायला लागले. हा माझा, हा माझा, असं मनात म्हणायचे. चार दिवसांनी तो दोडका देठापासून काळा पडून गळाला. अळी होती त्यात, मी फोडून बघितलं. वेलावरच्या आणखी दोन दोडक्यांत होती, ज्यांच्याकडं मी बघितलंही नव्हतं. पण रात्री अंथरुणावर मला ती अळी आठवायची नाही, नुसता काळा देठ आठवायचा.

तेव्हापासून मी आदर्शकडं बघणं सोडलं. त्याला ओलांडून जाताना भिंतीकडं बघायचं. तो हुंकार द्यायला लागला की चुलीकडं तोंड करायचं. त्याला कळत होतं की काय कोण जाणे, पण मी खोलीत आले की तो मान वळवून माझ्यामागं डोळे फिरवायचा. मी न बघताही मला ते कळायचं. जे प्रेम बघून करता येत नव्हतं ते मी पाण्यात घातलं. जाळ आणखी मंद केला, तपेली आणखी वेळ ठेवली, आणि फुलपात्रभर उरायचं ते त्याहून थोडं कमी उरायला लागलं.

पोराचा रंग उतरतच गेला.

आत्यांनी देवरुशी आणला. तो उंबऱ्यातच थांबला, आत आला नाही. नाक वर करून वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "घरात एक नजर हाय. ती पोराला रोज वाईच वाईच पितीया." मग त्याने पाणी मागितलं. मी तांब्या नेला. त्याने तो माझ्या हातातून घेतला नाही, खाली ठेवायला सांगितला. अख्खी गल्ली दारात उभी होती.

रात्री भावकू म्हणाले, "पूर्णे, चार दिस मच्छ्याला जाऊन ये. आईचं मन थाऱ्यावर येऊ दे." मच्छे माझं माहेर. तिथं माझा भाऊ एका कारखान्यात आहे.

"तुमाला बी तसंच वाटतंय?"

त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. तेजस्वी दारामागं उभी होती. शिकलेली पोरगी, पतसंस्थेत लोकांच्या सह्या तपासणारी. मी तिला म्हटलं, "तुजं पोर हाय. तू म्हनशील तसं." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "आक्का, चारच दिवस." मला तिचा राग आला. आजही येतो, पण तिच्या जागी मी असते तर घर पेटवून दिलं असतं, हेही खरं.

मच्छ्याला मी दिवस काढले आणि मनात एकच घोकत राहिले: माझ्यामागं पोर गुलाबी होऊ नये. किती वाईट आहे हे! पण ते गुलाबी झालं असतं तर मी काय आहे ते ठरून गेलं असतं. आणि न झालं तर पोर मरणार. दोन्हींकडून मरण माझंच. मी भावाच्या घरातला आरसासुद्धा उलटा करून ठेवला. वहिनीने काही विचारलं नाही, भली बाई.

पाचव्या दिवशी दुपारी तेजस्वीचा फोन आला. मागून कसला तरी भोंगा ऐकू येत होता. "आक्का, आदर्श उठंना झालाय. निपाणीतनं बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात धाडलंय. तू ये. तू ये गं."

मच्छ्याहून बेळगाव किती लांब? मी त्यांच्या आधी दवाखान्यात पोचले.

त्याला आणलं तेव्हा मी बघितलं. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि चुकवता आलं नाही म्हणून. साईराजच्या हातावर ते पोर झोपल्यासारखं पडलं होतं, पाटीवरच्या खडूच्या धुरळ्याच्या रंगाचं, आणि ओठ आता जांभळेही नव्हते, काळपट होते. नाकाला नळी लावली. प्राणवायू सोडला. आत्या भिंतीला टेकून जप करत होत्या. पोराचा श्वास चालत होता, छाती वरखाली होत होती, वारा आत जात होता, आणि रंग काही बदलत नव्हता. जणू आत गेलेला वारा कुणी तरी मधेच अडवत होतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. शाल्मली नाव त्यांचं, कोटावर लिहिलेलं. त्यांनी पोराच्या हातातून रक्त काढलं आणि मला वाटलं माझे डोळे गेले. रक्त तांबडं नव्हतं. गुऱ्हाळावरच्या काकवीसारखं तपकिरी होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा थेंब पांढऱ्या कागदावर टाकला, हलवला, वारा घातला, वाट बघितली. तो तसाच राहिला. आत्यांनी ते बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "पिऊन टाकलं. तांबडं सगळं पिऊन टाकलं." आणि त्या माझ्याकडं वळल्या. साईराज वळला. भावकू वळले. सगळे माझ्याकडं बघत होते.

डॉक्टरीणबाई एकट्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या कागदाकडं बघत होत्या. "बाळाला वरचं दूध आहे?" त्यांनी विचारलं.

"व्हय," तेजस्वी म्हणाली.

"कशात कालवता?"

आम्हांला प्रश्न कळला नाही. नर्सबाई कन्नड, तिला वाटलं आम्हांला मराठी येत नाही. ती जवळ येऊन म्हणाली, "नीरु, याव नीरु?" कोणतं पाणी?

पाणी माझ्या हातचं, म्हणून उत्तर मी दिलं. मी सगळं सांगितलं. बोअर कुठं आहे, पाणी किती नितळ आहे, अंगठी कशी टाकायची, जाळ कसा मंद ठेवायचा. मला वाटत होतं, निदान ह्यात तरी मी चुकले नाही. "तपेलीचं फुलपात्रभर करत हुतो," मी म्हटलं, "कवा कवा त्याच्यापेक्षा बी कमी."

"ही गेल्यावर मी वाटीभर करत हुतो," आत्या मधेच म्हणाल्या. "अर्क जास्ती उतरावा म्हनून."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बोअरजवळ उकिरडा आहे? संडासाचा खड्डा?"

"हाय," साईराज म्हणाला.

"त्यांतून झिरपून एक क्षार पाण्यात उतरतो, नायट्रेट म्हणतात. रंग नाही, वास नाही. मोठ्या माणसांना सहसा कळतही नाही. इतक्या लहान बाळाच्या रक्ताला मात्र तो प्राणवायू धरू देत नाही, मग छाती कितीही हलू दे."

"पर आमी उकळत हुतो की," मी म्हटलं. "तासतासभर."

"उकळून जंतू मरतात. हे मरत नाही, कारण हे जिवंतच नाही. आमटी आटली की खारट होते ना? पाणी उडून जातं, मीठ मागं राहतं. तसंच हे. तुम्ही जितकं आटवलंत तितकं ते दाट झालं."

मी खाली बसले. नजर नव्हती. माझ्या डोळ्यांत काही नव्हतं. सगळं त्या तपेलीत होतं, आणि तपेलीपुढं बसून मी जे जे प्रेम केलं होतं ते वाटीवाटीने त्याच्या रक्तात जात होतं. आत्या माझ्याशेजारीच बसल्या. आम्ही दोघी फरशीवर.

नर्सबाई औषध घेऊन आली. सुईच्या नळीत निळं पाणी होतं. साधं निळं नव्हे, पांढऱ्या कपड्यांना घालतात तसली गडद नीळ. आत्या किंचाळून उठल्या, "निळ्या पोराला आनि निळं घालतायसा व्हय? मारताय काय माज्या नातवाला?" साईराजने त्यांना धरलं. डॉक्टरीणबाईंनी हळूहळू, घड्याळ बघत, ती नीळ पोराच्या शिरेत सोडली. मी त्याच्या ओठांकडं बघत राहिले. आता बघायला मला कुणाच्या बापाची भीती नव्हती.

आधी काहीच झालं नाही. मग कानाच्या पाळीला रंग आला. मग गालाला. मग ओठाच्या मधोमध, बोटाने कुंकू टेकवावं एवढा एक गुलाबी ठिपका उमटला आणि पसरत गेला. पोराने तोंड वाकडं केलं आणि रडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते चांगलं, संतापून, गाव गोळा करणारं रडलं. तेजस्वी हसत होती की रडत होती ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी त्याने शू केली ती हिरवी-निळी, आणि साईराज धावत नर्सबाईकडं गेला. "होगुत्तदे," ती म्हणाली. जाईल.

आत्यांनी माफी मागितली नाही. ते त्यांच्या हाडात नाही. त्यांनी पोराला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "घे. धर त्याला." आणि बाहेर जाऊन बसल्या. मी त्याला पोटभर बघितलं. अकरा वर्षांत मला कुणी असं काही दिलं नव्हतं.

सकाळी भावकू आणि मी कपडे आणायला आणि बोअर बंद करायला बोरगावला आलो. आत्या, तेजस्वी आणि साईराज तिकडंच. भावकूंनी मोटारीचा फ्यूज काढला आणि घागरी घेऊन आलेल्यांना सांगितलं की पाणी वाईट आहे. लोक हसले. "वरीसभर पितोय की आमी. मेलो काय?" एक जण म्हणाला, "पोर बरं झालं ते डॉक्टरनं न्हाय. बाईला घरातनं काढली म्हनून." मी तिथंच उभी होते.

आणि मला मंगल आठवली. तिचे दिवस भरत आले होते. मी मच्छ्याला असतानाच ती बाळंत झाली असणार.

मी पळत जयाबाईंकडं गेले. मंगल खाटेवर बसली होती, मांडीवर पोर. तिला दूध पुरत नव्हतं, शेजारी पावडरीचा डबा होता. आत चुलीवर तपेली खदखदत होती. ती खदखद मला ओळखीची होती. आत्यांनीच तर त्यांना कृती सांगितली असणार, मोठ्या अभिमानाने.

मला बघताच जयाबाई मधे आल्या आणि पोराच्या तोंडावर पदर टाकला. मी दारातूनच सांगायला लागले. नायट्रेट, उकिरडा, खारट आमटी, सगळं. तेजस्वीला फोन लावून दिला. तीही सांगत होती, रडून सांगत होती. जयाबाई फोनकडं बघतही नव्हत्या. त्या माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या आणि पदर आणखी ओढून घेत होत्या. "जा पूर्णिमा," त्या म्हणाल्या, तशा वाईट नाहीत त्या, नुसत्या घाबरल्या होत्या, "तुज्या पाया पडतो. वलं बाळ हाय. हितनं जा."

पदराखालून पोराचा एक पाय बाहेर राहिला होता. बोटाएवढा पाय. त्याची नखं निळी होती.

शहाण्यासारखं बोलून काही होणार नव्हतं. कालच मी त्या दवाखान्यात धुऊन निघाले होते. सगळ्या घरासमोर, डॉक्टरीणबाईच्या तोंडून. तो स्वच्छपणा मला हवा होता. देवाशपथ हवा होता. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले, आणि मग उंबरा ओलांडून आत गेले.

"जयाआक्का," मी म्हटलं, आणि तो आवाज मलाच ओळखू आला नाही, "तुमी खरं वळखलायसा. नजर माजीच हाय. भावजींचं पोर मीच निळं केलं."

मंगलने पोर छातीशी आवळलं.

"पर ती नजर आता मी त्या बोअरच्या पान्यावर लावून ठेवलीया. ह्या गल्लीत ज्या लेकराच्या पोटात त्या पान्याचा थेंब जाईल, ते माजं. उकळून दिलासा तर लवकर माजं. ह्येचा पाय मी धरलाय, बघा." आणि मी त्या निळ्या नखांवर बोट टेकवलं. थंडगार होती. "बेळगावच्या डॉक्टरीणबाईकडं आत्ता न्हेलासा तर सोडतो. न्हायतर न्हाय."

जयाबाई चुलीकडं धावल्या आणि उकळती तपेली हाताने धरून मोरीत पालथी केली, हात पोळला तरी. मंगल भावाच्या नावाने ओरडत होती, रिक्षा काढ म्हणून. दारात जमलेल्या बायका मला वाट देत मागं सरल्या, इतक्या मागं की एकीचा पाय गटारात गेला. सगळ्यांनी ऐकलं होतं. रात्रीपर्यंत सगळं बोरगाव ऐकणार होतं, आणि मी मरेपर्यंत ते कुणी विसरणार नव्हतं.

मी सावकाश चालत घरी निघाले. रिक्षा सुरू झाली आणि माझ्या बाजूने भरधाव निघून गेली. मग एका घरातून घागर ओतल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या घरातून, मग पलीकडच्या. मला रडू येत होतं आणि मी डोळे पुसत नव्हते. गल्ली संपेपर्यंत बंद दारांमागून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला, आणि बाहेर बघायला कुणीही आलं नाही.